बंदरातल्या पाटीची कुळकथा

ईट हे भूम तालुक्यातील गाव, बालाघाटाच्या पठारी मुलखातले. येथून समुद्र फार दूर, आणि तरीही बंदरांच्या पाण्याखाली ज्या पातळ, बुळबुळीत थरावरून आज परमुलखी जिवांचा माग काढला जातो, त्याची ओळख येथल्या पोराला विहिरीच्या शेवाळलेल्या पायरीवरून पाय घसरतो त्याच दिवशी होते. पायरी विहिरीची असो वा तळ जहाजाचा, पाण्यात राहिलेल्या पृष्ठभागावर प्रथम सेंद्रिय द्रव्यांचा अदृश्य लेप बसतो, मग काही तासांत जीवाणू येऊन आपल्याच चिकट स्रावात स्वतःला रोवून घेतात, पाठोपाठ डायटम नावाची सूक्ष्म शेवाळे येतात, आणि समुद्रात असेल तर शेवटी बार्नेकल, शिंपले आदींची पोहणारी पिल्ले तो थर चाचपून पाहतात व पसंत पडल्यास तेथेच कायमचे बिऱ्हाड करतात. शास्त्रकार या थरास जैवपटल म्हणतात.

उपरा जीव रुजला म्हणजे काय होते, हे ईटच्या शिवारात कोणाला समजावून सांगावे लागत नाही. विसाव्या शतकाच्या मध्यास पुण्यात नोंदले गेलेले गाजर गवत मराठवाड्याच्या बांधाबांधावर पोचले, आणि ते उपटणाऱ्या बायांच्या हातांना सुटणारी खाज आजही त्याची साक्ष देते. परंतु गवत निदान डोळ्यांस दिसते. समुद्रातला उपरा जहाजाच्या तळाला चिकटून, किंवा जहाजाचा तोल राखण्यासाठी टाक्यांत भरलेल्या पाण्यातून, कोणत्याही दप्तरात नोंद न होता बंदरात उतरतो, आणि तो नजरेस पडेपर्यंत त्याची वसाहत पुरी झालेली असते.

जहाजाचा तळ खरवडणे हा दर्यावर्दींचा पुरातन उद्योग. १७६१ साली ब्रिटिश नौदलाने ‘अलार्म’ या युद्धनौकेच्या तळाला तांब्याचे पत्रे ठोकून पाहिले, ते चिकटणाऱ्यांना व लाकूड पोखरणाऱ्यांना दूर ठेवण्यासाठी. त्यांना मुद्दाम बोलावून त्यांची गणती करण्याची विद्या मागाहून आली. तिचे साधन अगदी साधे आहे : लाकडाची, काचेची अथवा धातूची एक पाटी धक्क्यावरून दोरीने पाण्यात सोडावी, मुदत भरताच वर काढावी, आणि तिच्यावर कोण कोण येऊन बसले त्यांची हजेरी भिंगाखाली घ्यावी. मला ही पाटी फार आवडते, कारण तिच्यावर लिहिणारा समुद्र असतो आणि वाचणाऱ्याने केवळ धीर धरायचा असतो.

पण त्या धीराची किंमत मोजावी लागते. मूळचा कॅरिबियन समुद्राकडचा मायटिलॉप्सिस सॅली हा लहानसा काळसर शिंपला १९६७ च्या सुमारास विशाखापट्टणमच्या बंदरात आढळला आणि पुढे मुंबईच्या बंदरातही त्याने ठाण मांडले. हाच जीव १९९९ च्या मार्चमध्ये ऑस्ट्रेलियातील डार्विन येथे नौकांच्या गोदीत सापडला तेव्हा, अवघ्या सहा महिन्यांपूर्वीच्या पाहणीत ज्याचा मागमूस नव्हता त्याची दाटी एका चौरस मीटरवर वीस हजारांच्या वर गेलेली होती. सरकारने गोद्या बंद करून पाण्यात क्लोरीन व मोरचूद ओतले आणि त्या पाण्यातील इतर जिवांसकट त्याचा नायनाट केला. भिंगाच्या हजेरीतील उणीव अशी, की शिंपल्याचे पिल्लू शिंपल्यासारखे दिसत नाही. निरनिराळ्या जातींची पिल्ले परस्परांसारखी दिसतात, आणि ओळख पटण्याजोगे रूप येईपर्यंत वेळ हातची जाते.

ही उणीव दूर करणारी दुसरी शाखा प्रयोगशाळेतून आली. फ्रेडरिक सँगर यांनी १९७७ मध्ये डीएनएची अक्षरे क्रमाने वाचण्याची रीत सिद्ध केली, आणि २००३ मध्ये कॅनडातील पॉल हेबर्ट यांनी असे सुचवले की प्राण्याच्या पेशीतील एका ठराविक जनुकाची सुमारे ६५० अक्षरे त्याची जात सांगण्यास पुरेशी आहेत, मग तो प्राणी पूर्ण वाढलेला असो वा डोळ्यांस न दिसणारे पिल्लू. पुढे एकाच नमुन्यातील शेकडो जातींची अक्षरे एकदम वाचणारी यंत्रे आली, आणि पाटी व डीएनए यांची सोयरीक जुळली : २०१५ साली न्यूझीलंडमधील कॉथ्रन संस्थेच्या संशोधकांनी समुद्रातील जैवपटल गोळा करण्याची निरनिराळी साधने याच कसोटीवर तपासली. पाटीवरचा थर पुसून घ्यावा, त्यातील डीएनए वेगळा काढावा, त्याच्या असंख्य प्रती कराव्यात, आणि वाचलेली अक्षरे ज्ञात जातींच्या संग्रहाशी ताडून पाहावीत, असा हा एकूण क्रम.

मात्र त्या चिकट थरात मेलेल्या जिवांचे आणि नुसते वाहत आलेले अवशेषही अडकतात, त्यामुळे डीएनए सापडला म्हणजे जीव तेथे नांदतो आहे असे ठरत नाही. म्हणून २०१७ मध्ये त्याच संशोधकांनी लवकर विघटन पावणाऱ्या आरएनएची जोड देऊन जिवंत व मृत यांत भेद करण्याचा मार्ग दाखविला.

आपल्याकडे, जहाजांच्या तोलाच्या पाण्यातून येणाऱ्या उपऱ्या जिवांविषयी २००० साली सुरू झालेल्या ग्लोबॅलास्ट या आंतरराष्ट्रीय कार्यक्रमात जगातील सहा बंदरांमध्ये मुंबईचा समावेश झाला, आणि दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने मुंबई व जवाहरलाल नेहरू बंदरांतील जिवांची पायाभूत नोंद हाती घेतली. असल्या मोजदादीचे मोल मला यंत्राहून कमी वाटत नाही. संग्रहात ज्याचे नाव नाही त्याची अक्षरे यंत्र वाचते, पण तो कोण हे सांगू शकत नाही. आणि संग्रहात नाव चढविण्यासाठी कोणीतरी तो काळसर शिंपला उघडून, त्याच्या चोचीच्या आत असलेल्या चिमुकल्या पडद्यालगतचा दातासारखा उंचवटा भिंगाखाली पाहिलेला असावा लागतो.