अडकित्ता ते प्लग गेज : वस्तुसंग्रहाचा एक निकष

संग्रहालयात कोणती वस्तू यावी? सहसा उत्तर मिळते : दुर्मीळ असेल ती, नाहीतर थोरामोठ्यांची असेल ती. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयाने तिसरा निकष उभा केला : नित्याच्या वापराचा. पिंपरी-चिंचवड-चाकण पट्ट्याला हाच निकष लावायला हवा, असे माझे ठाम मत आहे.

दिनकर गंगाधर केळकर (१८९६-१९९०), म्हणजे कवी ‘अज्ञातवासी’, यांनी १९२०च्या सुमारास वस्तू जमवायला सुरुवात केली आणि पुढे संग्रहाला अकाली गेलेल्या मुलाचे, राजाचे, नाव दिले. वीस हजारांवर वस्तूंच्या या संग्रहात कोथरूडहून आणून पुन्हा उभारलेला मस्तानी महाल आहे. पण संग्रहाचा कणा दिवे, दौती, करंडे, अडकित्ते, वज्र्या हाच. पाय घासायची वज्रीच घ्या. खालची बाजू खरखरीत, कारण काम तिचे. वर धरायला मोर किंवा एखादे जनावर, ती कारागिराची हौस. एकच वज्री पाहून हा भेद हाती लागत नाही. शेजारी दहा ठेवल्या, की गरजेने काय ठरवले आणि हौसेने काय बदलले, हे वेगळे काढता येते. संग्रहाला अभ्यासाचे मोल येते ते असे, मालिकेमुळे.

आता आपला पट्टा. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, मग टेल्को, बजाज आणि त्यांना माल पुरवणारी असंख्य वर्कशॉप. चापेकर वाडा क्रांतिकारकांची स्मृती जपतो, चाकणचा संग्रामदुर्ग १६६०च्या वेढ्याची. सायन्स पार्क विज्ञान समजावतो. कामगाराच्या हातातली वस्तू हा यांपैकी कोणाचाच मूळ विषय नाही.

वज्रीच्या शेजारी प्लग गेज, म्हणजे भोकाचे माप तपासायचे साधन, ठेवून पाहावा. दांड्याच्या एका टोकाला ‘गो’, दुसऱ्या टोकाला ‘नो-गो’. पहिले भोकात अलगद गेले पाहिजे, दुसरे जाता कामा नये. गेले तर जॉब रिजेक्ट. इथे हौसेला जागा नाही. भोकाची मापमर्यादा पोलादात उतरवलेली असते, आणि ती झिजली की गेज भंगारात, किलोच्या भावाने.

म्हणून गेज एकटा आणून भागणार नाही. त्याच्याबरोबर ड्रॉइंग, जॉब कार्ड, कोणत्या मशीनवर, कोणत्या पार्टसाठी, कोणत्या शिफ्टला वापरला, ही नोंदही हवी. पेशवाईतला अडकित्ता वापरणाऱ्याला आज काही विचारता येत नाही. सत्तरच्या दशकात लेथवर उभे राहिलेले अनेकजण मात्र अजून आकुर्डी-भोसरीतच राहतात.