काठीत दिवा का टिकला नाही?

गेल्या दिवाळीत दादाने आजोबांसाठी ऑनलाइन एक काठी मागवली. घडीची, ॲल्युमिनियमची, आणि मुठीखाली छोटासा एलईडी दिवा. बटण दाबलं की पायापुढे उजेड. आमची वस्ती राहात्याच्या बाहेर, पाटाच्या कडेला. अंगणातून गोठ्यापर्यंत जायलाही रात्री अंदाज घ्यावा लागतो, त्यामुळे घरात सगळ्यांना ही काठी फार आवडली. आजोबांनी ती तीन दिवस वापरली. चौथ्या दिवशी ती पडवीतल्या खुंटीला अडकवली आणि पुन्हा आपली वेळूची जुनी काठी हातात घेतली.

मी विचारलं, "का ओ आजोबा, उजेड कमी पडतो का?"

ते म्हणाले, "उजेड चांगलाय. पण काठी आपटायची असती अन् दिवा जपायचा असतो. एका जिनसात दोन्ही कसं व्हायचं?"

माझा पीएचडीचा विषय गोदावरी आणि प्रवरा कालव्यांच्या भागातलं रात्रीचं काम असा आहे. कालव्यांचा इतिहास म्हटलं की धरणं, ब्लॉक, ऊस, साखर कारखाने, सहकार यावर भरपूर वाचायला मिळतं. रात्री बारा वाजता बांधावर उभ्या असलेल्या माणसाच्या हातात काय होतं, यावर मात्र फार थोडं. आजोबांच्या त्या एका वाक्याने मी दोन आठवडे दुसरं काहीच वाचू शकले नाही. (माझ्या गाईडना हे सांगितलेलं नाही.)

आधी थोडं बाहेरचं बघू. काठीत काहीतरी लपवायची हौस युरोप-अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात जोरात होती. काठीत तलवार, काठीत दारूची बाटली, काठीत छत्री, आणि मुठीत मेणबत्ती बसवलेली काठीसुद्धा. मग कोरडे सेल आले. १८९९ च्या जानेवारीत डेव्हिड मिसेल यांना न्यूयॉर्कमध्ये हातात धरायच्या नळीसारख्या विजेच्या दिव्याचं पेटंट मिळालं. आजच्या टॉर्चचा तो पूर्वज. सुरुवातीच्या सेलमध्ये दम नव्हता. दिवा थोडा वेळ लावायचा, विझवायचा, सेलला विसावा द्यायचा. इंग्रजीत त्याला 'फ्लॅशलाइट' म्हणतात ते त्यामुळेच. काठ्यांच्या मुठीत विजेचा दिवा बसवायचे प्रयत्न यानंतर पुन्हा पुन्हा झाले, आणि दर वेळी ती वस्तू नवलाईचीच राहिली.

आता आपल्याकडे या. काठीला दिवा ही कल्पना आपल्याला अजिबात नवी नाही. दिवटी म्हणजे दुसरं काय? एक दांडा, त्याच्या तोंडाला चिंध्या गुंडाळलेल्या, वरून तेल. खंडोबाच्या घराण्यांत आजही देव्हाऱ्याशी दिवटी-बुधली असते. शिर्डीच्या वेशीपाशी खंडोबाचं देऊळ आहे, म्हाळसापती तिथलेच पुजारी; त्यामुळे आमच्या भागात हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. पण दिवटीसोबत बुधली का असते, याचा मी कधी विचार केला नव्हता. दिवटी स्वतःचं तेल स्वतःत साठवत नाही. दर थोड्या वेळाने बुधलीतून धार धरावी लागते. म्हणजे एका हातात दिवटी, दुसऱ्या हातात बुधली. दोन्ही हात गेले. जो उजेड धरतो त्याला दुसरं काही करता येत नाही.

म्हणूनच दिवटी धरणारा हा कायम दुसरा माणूस असतो. ज्याला वाट दिसायला हवी तो वेगळा, आणि जो उजेड धरतो तो वेगळा. लंडनमध्ये रस्त्यावर गॅसचे दिवे येईपर्यंत 'लिंक-बॉय' नावाची गरीब पोरं होती. चार पैसे घेऊन पलिता धरून लोकांना घरी पोचवायची. आपल्याकडे हेच काम मशालजी, दिवट्या करत. भाषेने त्या बिचाऱ्याचं काय केलं बघा: 'दिवटा' हा शब्द आता आपण फक्त वाया गेलेल्या चिरंजीवांसाठी वापरतो!

हे सगळं एकत्र बघायचं असेल तर राहात्याहून पाच-सहा किलोमीटरवर जायचं. शिर्डीत साईबाबा एक दिवसाआड रात्री मशिदीतून चावडीत झोपायला जात. डिसेंबर १९०९ पासून भक्त चावडीत नियमाने आरती करू लागले आणि त्या जाण्याची मिरवणूक झाली. दाभोलकरांच्या साईसच्चरितात तिचं सविस्तर वर्णन आहे. त्यात सटका, म्हणजे आखूड काठी, बाबांची स्वतःची. डोक्यावरचं छत्र बापूसाहेब जोगांच्या हातात. दिवट्या आणखी तिसऱ्यांच्या हातात. मशीद ते चावडी हे अंतर काही पावलांचं आहे, वाट चुकायची शक्यताच नाही. तरी काठी, छत्री आणि दिवा या तीन वस्तू तीन वेगवेगळ्या माणसांच्या हातात आहेत. पेशवाईत पालखी आणि अब्दागिरी सरकारातून मान म्हणून मिळत. तोच रिवाज इथे भक्तीच्या रूपात दिसतो. मान ज्याचा त्याने छत्र आणि दिवा स्वतः धरायचा नसतो. माझं असं मत झालंय की काठी-छत्री-दिवा एकत्र करणारी वस्तू आपल्याकडे न निपजण्याचं एक कारण हेच आहे. ज्यांना ती परवडली असती त्यांच्याकडे धरायला माणूस होता.

आणि ज्यांच्याकडे माणूस नव्हता त्यांनी काठीत काय बसवलं? घुंगरं! घुंगुरकाठी हा शब्द तुम्ही ऐकला असेल. डाक नेणारा हलकारा घुंगरं बांधलेली काठी घेऊन धावे. जंगलाच्या वाटेवर रात्री त्याच्याबरोबर मशालवाला दिला जाई, म्हणजे पुन्हा दुसरा माणूस आलाच. गावचा जागल्यासुद्धा काठी आपटत, हाळी देत फिरे. यात शहाणपण आहे. राखणदाराच्या हातात दिवा असला तर चोराला राखणदार दिसतो, राखणदाराला मात्र उजेडापलीकडचं काही दिसत नाही. शिवाय जमिनीतून येणारी थरथर सापाला कळते. काठी आपटत चाललं की बरेचदा तो आधीच वाटेतून सरकतो. अंधारात काठीचा खरा उपयोग हा आहे.

इथपर्यंत रात्रीची गोष्ट वाटेवरची आहे. कालवा आल्यावर ती शेतात शिरली.

दारणा धरण १९१६ साली पूर्ण झालं. नांदूर मध्यमेश्वरच्या बंधाऱ्यातून गोदावरीचे डावा आणि उजवा असे दोन कालवे निघतात, त्यातला उजवा आमच्या राहात्याकडे येतो. तालुक्याच्या दक्षिणेला लोणीकडे प्रवरेचं पाणी. भंडारदऱ्याचं धरण १९२६ चं. १९५० मध्ये लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांच्या पुढाकाराने उभारलेल्या सहकारी साखर कारखान्याचं गाळप सुरू झालं आणि ऊस वाढतच गेला. हे सगळं पाठ्यपुस्तकात आहे. पाठ्यपुस्तकात नसलेली गोष्ट अशी की मोटेचं पाणी रात्री थांबतं. बैल दमतात, माणूस दमतो, मोट सुटते. पाटाचं पाणी थांबत नाही. चारीला पाणी सुटलं की ते दिवसा वाहतं तसंच रात्री वाहतं, आणि पाळी तुमची असेल तर रात्री दोनलाही दारं धरायला जावंच लागतं. आमच्या भागात रात्रीचं शेतकाम हे असं पाटातून आलं. वीज आणि पंप त्याच्यानंतर.

मग हातात काय? कंदील. आधी परदेशी, अमेरिकेतल्या डीट्झ कंपनीसारखे. १९१६ मध्ये, म्हणजे दारणा पूर्ण झालं त्याच वर्षी, ओगले बंधूंनी कऱ्हाडजवळ औंध संस्थानाच्या हद्दीत काचेचा कारखाना काढला, आणि पुढे त्यांचा 'प्रभाकर' कंदील महाराष्ट्रात घरोघर पोचला. कंदिलाने दिवट्याची नोकरी संपवली. तेल पोटातच, वात वर-खाली करायला चावी, वाऱ्याला काच. एक माणूस, एक हात, रात्रभर उजेड. ही केवढी मोठी गोष्ट आहे हे आपल्याला आज जाणवत नाही.

पण कंदील काठीत बसवता येत नाही. तो सरळच राहायला हवा. कलला की वात काजळी धरते, काच काळी होते. काठीच्या टोकाला अडकवून खांद्यावर टाकला तर वाटेपुरतं जमतं, पण मग ती काठी आपटायला उरत नाही. हातात धरला तर तो गुडघ्याशी लोंबतो आणि आपल्याच पायांच्या लांबलचक सावल्या पुढे पडतात. कंदील घेऊन कधी चालला असाल तर त्या सावल्या आठवतील.

आणि दारं धरताना तर दोन्ही हात फावड्याला लागतात. एक वाफा भरला, त्याचं दारं मातीने बुजवायचं, पुढचं मोडायचं. पाणी वाट बघत नाही. तेव्हा कंदील बांधावर ठेवायचा आणि आपण सरीत उतरायचं. चार सऱ्या पुढे गेलं की उसात कंदिलाचा उजेड पोचत नाही. म्हणजे चालताना जवळ असलेला दिवा नेमका कामाच्या वेळी लांब राहतो.

आजोबांचे धाकटे भाऊ असेच गेले. बहात्तरच्या दुष्काळाच्या आधीची गोष्ट. घोणस होती. आजोबा शेजारच्या पट्टीत होते. हाक ऐकून धावले तर आधी त्यांना बांधावरचा कंदील दिसला, भाऊ दिसायला वेळ लागला. हे त्यांनी मला या दिवाळीपर्यंत कधीच सांगितलं नव्हतं. काठीवरून विषय निघाला म्हणून निघालं.

त्यानंतर घरात बॅटरी आली. टॉर्चला 'विजेरी' हा शब्द फक्त शाळेत. आमच्याकडे ती बॅटरीच. आजोबांनी पहिली गोष्ट काय केली असेल? सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापून ती बॅटरी काठीला बांधली. म्हणजे दादाने ऑनलाइन मागवलेली वस्तू आजोबांनी पन्नास वर्षांपूर्वी स्वतः करून पाहिली होती! ती महिनाभरही टिकली नाही. काठी आपटली की आतले सेल हलायचे, दिवा मिचमिचायचा. दोनदा बल्बच गेला. मग त्यांनी काठी आपटणं कमी केलं आणि एके रात्री स्वतःच्याच लक्षात आलं की आपण दिव्याला जपत चाललोय. तेव्हापासून बॅटरी गळ्यात दोरीने आणि काठी वेगळी.

न्यूयॉर्कमधल्या कुठल्या कारागिराची काठी याच कारणाने मागे पडली का, हे मला सांगता येणार नाही. तिकडची काठी रस्त्यावर मिरवायची होती, तिचे प्रश्न वेगळे असतील. पण राहात्यापुरतं उत्तर मला पटलं.

आता तुम्ही म्हणाल, हे झालं जुनं. नाही. देशातल्या सर्पदंशाच्या मृत्यूंचा एक मोठा अभ्यास २०२० मध्ये आला. त्यात २००० ते २०१९ या काळात सुमारे १२ लाख मृत्यूंचा अंदाज आहे, वर्षाला सरासरी ५८ हजार. बहुतेक खेड्यांतले, आणि जवळपास निम्मे जून ते सप्टेंबरमधले. पंपांना थ्री-फेज वीज आळीपाळीने मिळते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. दिवसा वीज मिळावी म्हणून राज्याने २०१७ पासून सौर कृषी वाहिनी योजना आणली आहे, पण ज्या फिडरवर ती पोचलेली नाही तिथे वीज येते तेव्हा उठावं लागतं. त्यात बिबट्या. आमच्याच जिल्ह्यातल्या अकोले भागात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅमेरे लावून दाखवून दिलं की बिबटे जंगलातून चुकून येत नाहीत, ते शेतांतच राहतात. वनखात्याच्या सूचनाही वाचून पाहा: रात्री एकटं जाऊ नका, बॅटरी आणि काठी बरोबर ठेवा, मोठ्याने बोला, मोबाइलवर गाणी लावा. घुंगुरकाठी परत आली म्हणायची.

दादा आता कपाळाला पट्ट्याने बांधायचा दिवा वापरतो. चार्जिंगचा आहे. मान वळेल तिकडे उजेड, दोन्ही हात मोकळे. आजोबांनी तो हातात घेऊन बराच वेळ उलटासुलटा करून पाहिला. मग विचारलं, "हा तवा का नव्हता?" त्यावर दादाही गप्प आणि मीही.

या आठवड्यात आमच्या फिडरला रात्रीची वीज आहे. दादा साडेबाराला उठतो. पडवीतून जाताना तो कोपऱ्यातली आजोबांची वेळूची काठी उचलतो; ती दिव्याची काठी खुंटीवरच असते.