अल्पदृष्टी साधने : भिंगे आणि दुर्बिणी

औषधोपचार, शस्त्रक्रिया आणि योग्य नंबरचा चष्मा हे सगळे होऊनही ज्यांची नजर अपुरी राहते, त्यांना उरलेल्या नजरेने वाचता, लिहिता, ओळखता यावे यासाठी वापरायची साधने. बीड जिल्ह्यात अशा माणसाला ‘त्याला कमी दिसतं’ एवढेच म्हणतात; कागदोपत्री तो ‘अल्पदृष्टी’ ठरतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार चांगल्या डोळ्याची दृष्टी चष्म्यासह ६/१८ पेक्षा कमी आणि ३/६० पर्यंत असेल, किंवा दृष्टिक्षेत्र ४० अंशांहून कमी होऊन १० अंशांपर्यंत आकसले असेल, तर ती अल्पदृष्टी. ६/६० म्हणजे धडधाकट नजरेला ६० मीटरवरून वाचता येणारे अक्षर या माणसाला ६ मीटरवर यावे लागते तेव्हा दिसते.

मोजणी चांगल्या डोळ्याची असते. म्हणून ऊसतोडीत पात लागून एका डोळ्यात फूल पडलेला कामगार, दुसरा डोळा शाबूत असेल तर, या व्याख्येत बसत नाही. मोतीबिंदूही बसत नाही. तो काढला की बहुतेकांची नजर परत येते. उरतात ते मधुमेहाने खराब झालेला पडदा, वाढलेला काचबिंदू, उतारवयात पडद्याच्या मध्यभागाची झीज, जन्मजात रंगहीनता आणि रातांधळेपणापासून सुरू होऊन कडेची नजर खात जाणारा रेटिनायटिस पिग्मेंटोजा. शेवटचे दोन बहुधा आनुवंशिक असतात आणि मामा-आत्याच्या घरातच सोयरीक होते तिथे त्यांची शक्यता वाढते. मराठवाड्यात ही गोष्ट मोकळेपणाने सांगायला हवी.

जवळचे पाहण्यासाठी भिंग. त्याची ताकद डायॉप्टरमध्ये मोजतात. डायॉप्टरला ४ ने भागले की साधारण किती पट मोठे दिसेल ते कळते. २० डायॉप्टरचे भिंग ५ पट मोठे दाखवते, पण ते कागदापासून ५ सेंटिमीटरवरच धरावे लागते. बाजारात मिळणारे तळहाताएवढे बिलोरी भिंग दिसायला भारी, ताकदीने मात्र जेमतेम दुप्पट. भिंग जितके जोरकस तितके आकाराने लहान. बहुतेक जण भिंग डोळ्यापासून लांब धरतात आणि ‘दोनच अक्षरं दिसतात’ म्हणून ठेवून देतात. तेच भिंग डोळ्याजवळ आणून पुस्तकही तेवढेच जवळ घेतले, तर अर्धी ओळ नजरेत येते. हात थरथरणाऱ्यांसाठी पायांचे भिंग असते. ते थेट कागदावर टेकते, त्यामुळे अंतर आपोआप साधते.

देवनागरीची स्वतःची अडचण आहे. घ आणि ध, भ आणि म यांतला फरक शिरोरेषेजवळच्या एवढ्याशा फटीत आणि वळणात असतो. वर वेलांटी-अनुस्वार, खाली उकार, म्हणून ओळीची उंचीही जास्त. भिंग जरा तिरके झाले की ‘घन’चे ‘धन’ होते. उलट शिरोरेषेचा आधारही आहे: ती नजरेला ओळीवरून घसरू देत नाही. काळ्या पुठ्ठ्यात एका ओळीपुरती खाच कापून पानावर ठेवली की आजूबाजूची चमक जाते आणि ओळ ठळक होते. याला खर्च नाही.

दूरचे पाहण्यासाठी दुर्बीण. गॅलिलिओच्या पद्धतीत पुढे बहिर्गोल आणि डोळ्याशी अंतर्गोल भिंग. ती आखूड, हलकी, २ ते ४ पटींपर्यंत. केप्लरने १६११ मध्ये मांडलेल्या पद्धतीत दोन्ही भिंगे बहिर्गोल असतात, चित्र उलटे पडते आणि ते सुलटे करायला लोलक बसवावे लागतात. ताकद मात्र जास्त मिळते. विद्यार्थ्यांना बहुधा बोटभर लांबीची, एका डोळ्याची ४ पट दुर्बीण देतात. ६/६० नजरेच्या मुलाला तिच्यातून हिशेबाने ६/१५ पर्यंत दिसायला हवे. पण ३ मीटरवरच्या फळ्याचा जेमतेम दोन फुटांचा तुकडा एका वेळी दिसतो आणि हात हलला की फळाही चौपट हलतो. मूल आधी नुसत्या डोळ्याने फळा शोधते, दुर्बीण डोळ्याला लावते, नळी फिरवत अक्षर स्पष्ट करते, चार शब्द वाचते, वहीवर उतरवते, पुन्हा नळी. गुरुजी तोवर पुढे गेलेले असतात. त्याला पहिल्या बाकावर बसवणे हीसुद्धा दुर्बीणच आहे: ६ मीटरवरून ३ मीटरवर आले की अक्षर दुप्पट होते.

बीडच्या बसस्थानकात एसटीची पाटी वाचायलाही हीच नळी चालते, अर्थात उभे राहून. दुर्बिणीतून पाहत चालायचे नसते. ज्यांची फक्त कडेची नजर गेली आहे, त्यांना चित्र मोठे करून उलट तोटा होतो, कारण उरलेल्या चिंचोळ्या खिडकीत मोठे चित्र मावत नाही.

म्हणूनच एखाद्या शिबिरात सगळ्यांना एकाच ताकदीचे भिंग वाटून भागत नाही. तपासणी आणि सराव हे साधनाचेच भाग आहेत. जिल्ह्यात दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी बीडचे जिल्हा रुग्णालय आहे, अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे. अल्पदृष्टीचा स्वतंत्र विभाग असलेली एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्था हैदराबादला. तिथे जायला परळीहून उदगीर-बिदरमार्गे रेल्वे आहे. केंद्राच्या १९८१ पासूनच्या एडिप योजनेत गरजूंना साधने मिळतात. साध्या स्मार्टफोनचा कॅमेराही अक्षरे मोठी करून, काळ्यावर पिवळी करून दाखवतो.

खरी कसोटी ऊसतोडीच्या हंगामात. आईबापांबरोबर फडावर गेलेल्या मुलाचा पहिला बाक, ओळखीचा फळा आणि सवयीचे गुरुजी दिवाळीनंतर सुटतात. ते गावातल्याच हंगामी वसतिगृहात राहिले तर निदान शाळा तीच राहते. फडाजवळच्या झोपडीत, म्हणजे कोपीवर, गेलेच तर सेलवर चालणारे दिव्याचे पायभिंग बरोबर द्यावे. संध्याकाळी तिथे पानावर पडणारा उजेड तेवढाच असतो.