मिस्टर डूली आणि त्याचे जनक

विनोदी लेखकाच्या वांट्यास येणारी कीर्ति मोठी चंचल असते. ज्या प्रसंगावरून तो हंसवितो तो प्रसंग सरला, कीं हंसूंहि विरतें, आणि पुढील पिढीस टीपांच्या आधारानें हंसावें लागतें. अमेरिकन निबंधकार फिन्ले पीटर डन यांच्या नशिबीं हेंच आलें. १९०० च्या सुमारास ज्यांचे लेख अमेरिकेंत घरोघर वाचले जात, त्यांचें नांव आज इंग्रजी वाङ्मयाच्या पदवीधरासहि क्वचितच ठाऊक असतें. तथापि त्यांच्या चरित्रांत एक प्रश्न असा आहे, कीं तो कोणत्याहि भाषेंतील विनोदकारास टाळतां येणार नाहीं. सत्तेस हंसणाऱ्यानें सत्तेच्या किती जवळ जावें, हा तो प्रश्न होय.

डन यांचा जन्म १० जुलै १८६७ रोजीं शिकागो येथें झाला. आईबाप आयर्लंडांतून आलेले. वडील सुतारकाम करीत. शाळेंत पन्नास विद्यार्थ्यांच्या वर्गांत त्यांचा क्रमांक अखेरचा लागला, व १८८४ मध्यें ते एका वृत्तपत्राच्या कचेरींत उमेदवारीस लागले. हीच त्यांची खरी पाठशाळा. १८७१ च्या भयंकर आगींतून उठून वीस वर्षांच्या आंत दहा लाखांवर वस्तीचें झालेलें तें शहर. तेथील कत्तलखाने, रेल्वेचीं आगारें, लांचखाऊ नगरपिते आणि देशोदेशींचे मजूर हें सर्व त्यांनीं तरुणपणींच डोळे भरून पाहिलें.

शहरांत मॅकगॅरी नांवाच्या एका आयरिश गृहस्थाचा दारूचा गुत्ता होता. त्याच्या बोलण्याची ढब घेऊन डन यांनीं प्रथम 'कर्नल मॅकनीरी' हें पात्र उभें केलें. पुढें लोक आपणांस हंसतात हें ध्यानांत येऊन मॅकगॅरी रागावला, तेव्हां डन यांनीं गुत्ता शहराच्या मध्यभागांतून ब्रिजपोर्ट या गरीब आयरिश वस्तींत हलविला व मालकहि बदलला. ७ ऑक्टोबर १८९३ रोजीं 'शिकागो ईव्हनिंग पोस्ट' या पत्रांत मार्टिन डूली यानें प्रथम तोंड उघडलें. रॉसकॉमन परगण्यांतून आलेला, ब्रह्मचारी, वयानें उतरलेला हा गुत्तेवाला वर्तमानपत्र वाचतो आणि समोर बसलेल्या हेनेसी नामक साध्याभोळ्या मजुरास जगाच्या घडामोडींचा अर्थ सांगतो, एवढीच काय ती योजना. सातशेंहून अधिक निबंध या एका योजनेवर उभे राहिले.

हे निबंध आयरिश वळणाच्या इंग्रजींत आहेत. ती बोली तोंवर नाटकांतील विदूषकाच्या तोंडीं घालून आयरिश माणसाचा उपहास करण्याच्या कामीं येत असे. डन यांनीं तेंच शस्त्र फिरविलें. आतां हंसणारा आयरिश झाला, आणि शहाणीं व शुद्ध बोलणारीं माणसें हास्यविषय झालीं. यांत व्यवहाराचाहि भाग होता. एखाद्या नगरपित्यास शुद्ध इंग्रजींत चोर म्हटलें असतां अब्रूनुकसानीची फिर्याद होण्याचें भय. परंतु गुत्तेवाल्याच्या बोलींत तेंच म्हटलें तर फिर्याद करणाऱ्याचेंच हंसें व्हावयाचें, असें डन स्वतः सांगत.

या विनोदाच्या मुळाशीं काय होतें तें १८९४ च्या पुलमन संपाच्या वेळीं दिसून आलें. आगगाडीचे डबे बांधणाऱ्या या कंपनीनें मजुरांचे पगार उतरविले, पण ते ज्या कंपनीच्या घरांत रहात त्यांचें भाडें कमी केलें नाहीं. संप झाला, अध्यक्ष क्लीव्हलंड यांनीं लष्कर पाठविलें व संप मोडला. त्या उन्हाळ्यांत डूलीनें उपाशी बायकामुलांविषयीं व मालकाच्या बेफिकिरीविषयीं जें सांगितलें, त्यांत हंसण्यासारखें फारच थोडें आहे. तो लेख छापावयास गेला तेव्हां छापखान्यांतील जुळाऱ्यांनीं टाळ्या वाजवून डन यांचें स्वागत केलें, असें त्यांचे चरित्रकार सांगतात. आमच्या मतें त्या टाळ्यांहून मोठा मान त्यांना पुढें कधींच मिळाला नाहीं.

देशव्यापी कीर्ति मात्र युद्धानें दिली. १ मे १८९८ रोजीं मनिलाच्या उपसागरांत कमोडोर ड्यूई यांनीं स्पेनचें आरमार बुडविलें. ड्यूई काय आणि डूली काय, नांव एकच, तेव्हां हा आपला भाऊबंदच, असें डूलीनें ठरवून टाकलें. हा लेख देशभरच्या पत्रांनीं उतरून घेतला आणि त्याच वर्षीं पहिलें पुस्तक निघालें. परंतु देश विजयानें धुंद असतां डूली शुद्धीवर होता. स्पेनला दोन कोटि डॉलर देऊन फिलिपाइन बेटें घेतलीं, तीं नकाशावर कोठें आहेत हेंहि बहुतेकांस ठाऊक नव्हतें, आणि तेथील लोकांना सुधारण्याची भाषा मात्र जोरांत चालू होती. दुसऱ्यास सुधारण्यासाठीं निघालेल्या राज्यकर्त्यांचा अनुभव आयर्लंडास शतकानुशतकें आलेला असल्यामुळें डूलीस त्या भाषेचा अर्थ लगेच कळला. १९०१ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें, नव्या बेटांना राज्यघटनेचें पुरें संरक्षण आपोआप मिळत नाहीं, असा निर्णय दिला. तेव्हां न्यायमूर्तींची नजर निवडणुकीच्या निकालांवर असते, असा शेरा त्यानें मारला. तो शेरा अमेरिकन वकील आजहि विसरलेले नाहींत.

१८९९ मध्यें थिओडोर रूझवेल्ट यांचें क्यूबांतील लढाईवरील पुस्तक निघालें. त्यांत ग्रंथकर्त्याशिवाय दुसरें कोणी लढलेलेंच दिसत नाहीं, अशा आशयाचें परीक्षण डूलीनें केलें. रूझवेल्ट रागावले नाहींत. आमच्या घरीं सर्वांस लेख आवडला, भेटीस या, असें पत्र त्यांनीं डन यांना धाडलें. येथें डाव उलटला असें आम्हांस वाटतें. टीकेवर चिडणारा सत्ताधीश विनोदकारास बळ देतो. टीकेवर मनमोकळें हंसून त्यास जेवावयास बोलावणारा त्याला निःशस्त्र करतो. १९०० मध्यें डन न्यूयॉर्कला गेले. रूझवेल्ट अध्यक्ष झाल्यावरहि ती मैत्री टिकली, आणि धनिकांच्या क्लबांत डन यांची ऊठबस वाढली. १९०६ मध्यें आयडा टार्बेल, लिंकन स्टेफन्स प्रभृति निर्भीड पत्रकारांसमवेत त्यांनीं 'अमेरिकन मॅगझिन' चालविण्यास घेतलें खरें. परंतु डूलीचें बोलणें हळूहळू विरळ झालें. १९२७ मध्यें पेन व्हिटनी या धनाढ्य मित्रानें मृत्युपत्रानें त्यांना पांच लक्ष डॉलर ठेवले. त्यानंतर लेखणी जवळजवळ थांबलीच. २४ एप्रिल १९३६ रोजीं न्यूयॉर्क येथें त्यांचें निधन झालें.

त्यांस लिहिण्याचा मुळांतच कंटाळा होता, असें कांहीं म्हणतात, आणि तें खोटें नाहीं. आठवड्याच्या मुदतीवांचून त्यांची लेखणी चालत नसे. परंतु मुदती न्यूयॉर्कमध्येंहि होत्या. नव्हतें तें ब्रिजपोर्ट. गुत्त्यांत उभें राहून वर पाहणाऱ्यास जें दिसतें, तें मेजवानीच्या पंक्तींत बसलेल्यास दिसत नाहीं. विशेष हें, कीं पुस्तकें सिद्ध करतांना त्यांनीं शिकागोच्या गोरगरिबांवरील कित्येक लेख गाळून टाकले. तीं चित्रें जुन्या वृत्तपत्रांतून शोधून १९७० नंतरच्या दशकांत चार्ल्स फॅनिंग यांनीं प्रसिद्ध केलीं, आणि आज जाणते वाचक डन यांचें खरें मोठेपण त्यांतच पाहतात. अध्यक्षांना हंसविणाऱ्या डूलीपेक्षां शेजाऱ्याच्या उपासमारीनें व्याकुळ झालेला डूली अधिक टिकला. डन यांनीं ज्यास क्षुल्लक मानलें तेंच काळानें राखलें आहे. आमच्या तरुण विनोदी लेखकांनीं एवढें ध्यानांत ठेवलें तरी पुरे.