पाणी पिणारी फरसबंदी
बीजिंगच्या राजप्रासादाशेजारी ‘थ्वानछंग’ हे तटबंद प्रांगण भोवतालच्या जमिनीहून सुमारे साडेचार मीटर उंच आहे. बाहेरचे पाणी तेथे चढत नाही. तरीही शतकांपूर्वीचे पाइन वृक्ष आजही हिरवे आहेत. रहस्य पायाखाली आहे. मिंगकालीन फरसबंदीच्या विटा वर रुंद, खाली निमुळत्या. सांध्यांत चुना नाही. पाऊस फटींतून झिरपून मुळांना मिळतो, उरलेला भुयारी मोरीत साठतो.

२१ जुलै २०१२ च्या अतिवृष्टीत याच बीजिंगमध्ये ७९ जणांनी प्राण गमावले. डांबर-काँक्रीटखाली झाकलेल्या जमिनीला पाणी मुरवता आले नाही. रस्त्यांच्या नद्या झाल्या. २०१५ मध्ये चीनने १६ शहरांत ‘स्पंज शहर’ योजना आरंभली. सच्छिद्र फरसबंदी तिचा एक आधार. नवी म्हणून गाजलेली ती युक्ती राजप्रासादापासून हाकेच्या अंतरावर शतकानुशतके पाऊस पीत होती.