दुसरं नाव

कर्जतहून खोपोलीला जाणाऱ्या गाडीला पळसदरी, केळवली, डोलवली आणि लौजी ही स्टेशनं लागतात. आमचं घर केळवलीचं, म्हणजे खालापूर तालुका. त्याचं पळसदरीचं, म्हणजे कर्जत. शाळा मात्र दोघांची एकच, कर्जतला. सकाळची गाडी चुकली की रुळाच्या कडेनं चालत निघायचं. मी केळवलीला चढायचो, तो पळसदरीला. आला की पहिलं दप्तर माझ्या मांडीवर टाकायचा. आठवी ते दहावी, १९७८ ते १९८१, हे असंच चाललं. त्याचं नाव इथे लिहीत नाही. त्याच्या घरची माणसं अजून तिथेच आहेत.

आठवीत इतिहासाच्या सरांनी भाई कोतवालांची गोष्ट सांगितली. पुस्तकातले लढे सगळे लांबचे वाटायचे, हा आमच्या डोंगरातला. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल १ डिसेंबर १९१२ ला माथेरानला नाभिकाच्या घरी जन्मले. शिकून वकील झाले. पण कोर्टापेक्षा सावकारीत अडकलेल्या शेतकऱ्यांसाठी धान्यकोठ्या काढणं, वाड्यापाड्यांवर शाळा सुरू करणं यातच त्यांचा जीव रमला. १९४२ साली ‘चले जाव’ची हाक आली तेव्हा ते भूमिगत झाले आणि त्यांनी आझाद दस्ता उभा केला. मुंबईला वीज या सह्याद्रीतून जायची. आमच्या खोपोलीचं वीजकेंद्र तर १९१५ पासूनचं. दस्त्याने सप्टेंबरपासून विजेचे मनोरे पाडायला घेतले. मनोरा पडला की तिकडे गिरण्या बंद पडायच्या. रानातल्या लोकांनी त्यांना भाकरी दिली, आसरा दिला आणि विचारणाऱ्याला नाव सांगितलं नाही. शेवटी मात्र ठिकाण फुटलं. २ जानेवारी १९४३ ला मुरबाड तालुक्यातल्या सिद्धगडच्या जंगलात हॉल नावाच्या पोलीस अधिकाऱ्याच्या तुकडीने त्यांना गाठलं. भाई कोतवाल आणि मानिवलीचे हिराजी पाटील, दोघेही तिथेच पडले. भाईंना तिशी पुरी होऊन जेमतेम महिना झाला होता.

त्या दिवसापासून गाडीत आमचा खेळ सुरू झाला. खिडकीतून दिसणारा प्रत्येक खांब आम्ही पाडायचो. भाई कोण होणार, हा प्रश्नच नसायचा. मी वर्गात हुशार, बोलका. तो म्हणायचा, “तू भाई हो रे. मी हिराजी.” मला ते बरोबरच वाटायचं.

दहावीत वर्गातली एक मुलगी मला आवडायला लागली. आवडायला लागली म्हणजे काय, तर ती गाडीतून उतरेपर्यंत मी तिच्या वेणीकडे बघत बसायचो. बोलायची हिंमत नव्हती. एक दिवस चिठ्ठी लिहायचं ठरलं. माझं अक्षर म्हणजे कावळ्याचे पाय, म्हणून मजकूर मी सांगितला आणि लिहिली त्याने. द्यायचं कामही त्यानेच अंगावर घेतलं. मधल्या सुट्टीच्या आधी ती चिठ्ठी त्याच्या कंपासपेटीतून खाली पडली आणि नेमकी सरांच्या हातात गेली.

सरांनी त्याला पुढे बोलावलं. “कुणी सांगितलं लिहायला?” तो गप्प. प्रत्येक हातावर सहा-सहा छड्या बसल्या, तरी गप्प. मी तिसऱ्या बाकावर होतो. उठून ‘सर, माझी आहे’ एवढंच म्हणायचं होतं. मी वहीत बघत राहिलो.

परतताना त्याला म्हटलं, “नाव का नाही सांगितलंस?” तो हातावर फुंकर घालत हसला. “दस्त्यातला माणूस नाव सांगतो काय?”

इथवर ठीक होतं. पण दोन दिवसांनी त्या मुलीने त्याला विचारलं, “लय लागलं का रे?” ती त्याच्याशी बोलली. मार त्याने खाल्ला होता, चिठ्ठी तिच्या नजरेत त्याचीच होती. मला आभार मानायचे होते की नाही, ते बाजूलाच राहिलं. पोटात नुसती आग पडली. दुसऱ्या दिवसापासून मी गाडीत डबा बदलला. तो पळसदरीला चढून खिडक्यांतून मला शोधायचा, ते मला दिसायचं. परीक्षा झाली, निकाल लागला, दोघेही पास झालो. तरी मी बोललो नाही. वाटायचं, जाईल कुठे, कॉलेजला भेटेलच की.

जुलैत लावणी सुरू होती. राबातली रोपं उपटताना त्याच्या हाताला घोणस चावली. आधी भगताकडे नेलं, त्यात रात्र गेली. सापाच्या विषावरची लस परळला हाफकिनमध्ये तयार होत होती आणि पळसदरीपासून परळपर्यंत रूळ अखंड होते. पण आमच्या वाड्यांना भगत जवळचा होता, दवाखाना लांबचा. त्या काळी असे कितीतरी जीव गेले. पहाटे तोही गेला.

मला निरोप दुपारी मिळाला. पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. त्याच्या आईने मला जवळ घेतलं नि म्हणाली, “तुझा दोस्त गेला रे.” आमचं बोलणं तुटलेलं तिला माहीतच नव्हतं. त्याने घरीही माझं नाव सांगितलं नव्हतं.

पुढे ती मुलगी लग्न होऊन गेली. चिठ्ठी कुणाची, हे तिला शेवटपर्यंत कळलं नसावं.

दर वर्षी २ जानेवारीला सिद्धगडला लोक जमतात, मशाल पेटते. मी पन्नाशी उलटल्यावर पहिल्यांदा गेलो. अंधारात थंडी मी म्हणत होती. कुणीतरी आवाज दिला, “हुतात्मा भाई कोतवाल!” सगळ्यांबरोबर मीही ‘अमर रहे’ म्हटलं. मग दुसरं नाव आलं, “हुतात्मा हिराजी पाटील!” त्या नावाला मी जेवढा ओरडलो, तेवढा आयुष्यात कधी ओरडलो नव्हतो. शेजारच्या पोराने वळून बघितलं. म्हणाला, “काका, तुमचे नातेवाईक का?”

मी म्हटलं, “दोस्त.”