आजोबांची कथा आणि गांवचा इतिहास

मुंबईहून नाशिककडे जाणारा लोहमार्ग थळ घाट चढून इगतपुरीस येतो व तेथून घोटीवरून पुढें जातो. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचे रूळ १८६५ सालीं इगतपुरीस पोंचले. मुंबई-आग्रा हमरस्ताही घोटीवरूनच जातो. जवळच १,६४६ मीटर उंचीचें कळसूबाईचें शिखर, सभोंवार भाताचीं खाचरें आणि मधून हे दोन मोठे मार्ग, अशा गांवांत वाढलेल्या एखाद्या नातवास आपल्या आजोबांवर चित्रपट काढावासा वाटला, तर त्यास विषयासाठीं दूर जावयास नको. अडचण निराळीच आहे. आजोबांविषयींची माया आणि आजोबांच्या काळाचा इतिहास हीं दोन्ही एकाच पडद्यावर एकमेकांस न दुखवितां नांदावयाचीं कशीं?

या प्रश्नाचें एक उत्तर याच लोहमार्गावर, घोटीच्या पुढें नाशिकास सांपडतें. त्र्यंबकेश्वरीं १८७० सालीं जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजीं मुंबईंत प्रदर्शित झाला. त्यांत तारामतीची भूमिका अण्णा साळुंके या पुरुष नटास करावी लागली. कारण कॅमेऱ्यासमोर उभी राहावयास कोणी स्त्री तयार होईना. त्याच वर्षीं फाळके यांनीं आपला कारखाना नाशिकास हलविला आणि 'मोहिनी भस्मासुर' हें चित्र तयार केलें. या वेळीं मात्र दोन स्त्रिया पुढें आल्या. दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या आणि त्यांची मुलगी कमला मोहिनी झाली. कमलेचें वय त्या वेळीं तेराच्या आसपास होतें. भारतीय चित्रपटांतील पहिल्या अभिनेत्रींचा मान या मायलेकींकडे जातो.

नाशिकच्या इतिहासांतील हा प्रसंग आज पडद्यावर पाहावयाचा म्हटलें तर पाहतां येत नाहीं, कारण 'मोहिनी भस्मासुर' आतां उपलब्ध नाहीं. त्या काळची फिल्म ज्वालाग्राही. जी जळाली नाहीं ती पुष्कळदां दमट हवेनें व हेळसांडीनें कुजली. चित्र गेलें, तरी चित्रांतली मुलगी मात्र राहिली. तीच पुढें कमलाबाई गोखले म्हणून रंगभूमीवर नांवारूपास आली. तरुणपणींच वैधव्य आलें, तरीही कमलाबाईंनीं नाटकांत कामें करून तीन मुलगे वाढविले. त्यांपैकीं चंद्रकांत गोखले हे नामांकित नट झाले आणि नातू विक्रम गोखले यांनीं तीच परंपरा पुढें चालविली. १९९२ च्या सुमारास रीना मोहन यांनीं 'कमलाबाई' हा अनुबोधपट केला, तेव्हां या आजी नव्वदीच्या घरांत होत्या. रीना मोहन त्यांच्या नात नव्हत्या. परंतु नातीनें जें करावयाचें तें त्यांनीं केलें. आजीसमोर कॅमेरा ठेवून त्यांनीं आजीलाच बोलूं दिलें. हरवलेल्या चित्राविषयीं बोलावयास त्या चित्रांत प्रत्यक्ष वावरलेली व्यक्ति समोर होती, हें त्या अनुबोधपटाचें खरें मोल. पुढें कमलाबाई निवर्तल्या. हें काम आणखी कांहीं वर्षें लांबणीवर पडतें, तर ती संधि कायमची गेली असती.

पण ज्याचे आजोबा अगोदरच गेले, त्यानें काय करावें? याचें उत्तर देणारा चित्रपट २०२२ सालीं आला. फाळके यांनीं १९१९ सालीं 'कालिया मर्दन' काढला, तेव्हां आपली मुलगी मंदाकिनी हिला कृष्ण केलें होतें. पुढें १९३५ सालीं भालजी पेंढारकर यांनीं त्याच नांवाचें बोलपट-चित्र काढलें. त्यांतला कृष्ण म्हणजे वसंत देशपांडे, पुढचे प्रख्यात गायक पंडित वसंतराव. ते १९८३ सालीं वारले, तेव्हां त्यांचा नातू राहुल चार वर्षांचाही नव्हता. त्याच राहुल देशपांडे यांनीं निपुण धर्माधिकारी दिग्दर्शित 'मी वसंतराव' या चित्रपटांत आजोबांची भूमिका केली, गाणीं गाइलीं आणि संगीतही दिलें. त्यांतील गायनाबद्दल त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

चार वर्षांच्या मुलाजवळ आजोबांच्या आठवणी त्या किती असणार! परंतु वसंतरावांचें गाणें ध्वनिमुद्रिकांत होतें. सहवासांतल्या माणसांचे अनुभव होते. आईनें नागपुरांत कष्टानें केलेलें संगोपन, सैन्याच्या हिशेबखात्यांतील वर्षानुवर्षांची कारकुनी, आणि 'कट्यार काळजात घुसली' हें नाटक १९६७ सालीं रंगभूमीवर आलें तेव्हां सत्तेचाळिसाव्या वर्षीं पदरीं पडलेली कीर्ति, हा त्यांचा जीवनक्रम. नातवाच्या मायेला यांतला शेवटचा भाग तेवढा दाखवावासा वाटला असता, तर तें स्वाभाविकच होतें. परंतु कारकुनीचीं वर्षें गाळलीं, कीं कट्यारीचें यश नुसतें नशीब ठरतें. तीं दाखविलीं म्हणजेच त्या यशाचें वजन कळतें आणि एका माणसाच्या चरित्रांतून त्या काळच्या मध्यमवर्गाचा इतिहासही दिसूं लागतो.

माया विषय निवडते. त्याला आधार मात्र पुराव्याचाच लागतो. वसंतराव नामांकित गायक होते, म्हणून त्यांचा आवाज जपला गेला. घोटीच्या बाजारांत तांदूळ विकणाऱ्या, रुळांवर राबणाऱ्या किंवा खाचरांत आवणी करणाऱ्या वृद्धांच्या ध्वनिमुद्रिका कोणी काढल्या नाहींत. त्यांच्या घरांतील इतिहास त्यांच्या जिभेवरच आहे आणि तो त्यांच्याबरोबरच जाणार आहे. म्हणून अशा गांवीं ज्याला चित्रपट काढावयाचा असेल, त्यानें कथानक जुळविण्यापूर्वीं आजीजवळ बसावें. धान्याचे भाव, पावसाचीं वर्षें, घाटांतली पहिली आगगाडी पाहिलेल्या पूर्वजांकडून ऐकलेल्या गोष्टी, कर्ज, आजार, भांडणें, जें जें ती सांगेल तें तिच्याच शब्दांत मुद्रित करून घ्यावें, आणि मग कागदपत्रांशीं ताडून पाहावें. चित्रपट पुढें होईल वा न होईल. आजीचा आवाज तेवढा घरांत राहील.